राग आपला, बंदूक कोणाची?

घरावर घाला पडला आहे आणि आपण घरापासून हजारो मैलांवर पहाऱ्यावर उभे आहोत, अशा वेळी जवानाने काय करावे? त्याच्या हातात बंदूक आहे, मनात संताप आहे. पण ज्यांनी घाला घातला ते त्याच्यासमोर नाहीत. प्रश्न वरवर सैनिकाचा दिसतो. थोडा विचार केला तर तो आपल्या सर्वांचाच आहे हे ध्यानात येईल.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत गोळीबार सुरू झाला, तेव्हा पूर्व काँगोतील गोमा शहरात संध्याकाळचे सहा वाजत होते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले भारतीय जवान तेथील उत्तर किवू प्रांतात तैनात होते. महिनाभर आधीच बंडखोरांची फौज गोमाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपली होती आणि माणसे लेकराबाळांना घेऊन छावण्यांकडे धावत होती. किवू सरोवराच्या पलीकडे, दक्षिण किवू प्रांताची जबाबदारी कोणाकडे होती? पाकिस्तानी पलटणींकडे! दोघांच्याही डोक्यावर निळे शिरस्त्राण एकच, दोघांनाही हुकूम देणारी शांतिसेना एकच.

या भारतीय तुकडीत कोकणातल्या एखाद्या खेड्याचा मुसलमान जवान आहे अशी कल्पना करू. त्याचा भाऊ मुंबईत नोकरीला आहे आणि रोज छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून लोकल पकडतो. जवान कल्पित आहे. त्याच्या भोवतालची परिस्थिती मात्र खरी आहे. फोन लागत नाही. दहा अतिरेकी समुद्रमार्गे पाकिस्तानातून आले, ही बातमी हळूहळू येऊन पोहोचते. आता सरोवरापलीकडच्या पाकिस्तानी शिपायाकडे त्याने कोणत्या नजरेने पाहावे? आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या काँगोच्या बाईला काय म्हणावे? माझेच घर जळते आहे, तुझ्या घराची राखण मी का करू, असे?

त्याचा राग खरा आहे. त्या रागाला गैरत म्हणतात आणि गैरत नसलेला माणूस कोणाचेच रक्षण करू शकत नाही. प्रश्न एवढाच आहे की, राग आपला असला तरी हातातली बंदूक आपली असते काय?

मौलाना रूमींच्या ‘मसनवी’त हजरत अलींची एक गोष्ट आहे. रणांगणात शत्रू त्यांच्या तलवारीखाली आला आणि त्याच क्षणी तो त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तलवार खाली घेतली. आतापर्यंतची लढाई ईश्वरासाठी होती. आता वार केला असता तर तो स्वतःच्या अपमानासाठी झाला असता. सैनिक आणि सूड घेणारा यांच्यातली सीमारेषा या गोष्टीइतकी स्वच्छ क्वचितच दाखवली गेली असेल.

ही रेषा पुसली की काय होते, ते मुंबईनेच पाहिले. हल्ला चालू असताना एका अतिरेक्याने वृत्तवाहिनीला फोन करून काश्मीरमधील मृत्यूंचा दाखला दिला. म्हणजे त्याचाही दावा हाच होता की, दूर कुठेतरी ‘आपल्या’ माणसांवर अन्याय झाला आहे. मग त्याने काय केले? अन्याय करणारा शोधला नाही. जो हाताशी सापडला त्याला मारले. १६६ माणसे गेली. स्थानकावर गाडीची वाट पाहणारे कित्येक मुसलमानही त्यांत होते. दूरचे दुःख जवळच्या निरपराधावर काढणे, हेच तर दहशतवादाचे सूत्र आहे. आपला जवान नेमके याच्या उलट वागतो. घरचे दुःख उरात ठेवून तो परक्याच्या दाराशी उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल, संयम हे दुबळेपणाचे दुसरे नाव आहे. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. त्याच नोव्हेंबरच्या ४ आणि ५ तारखेला गोमाच्या उत्तरेस किवांजा येथे सुमारे दीडशे नागरिक मारले गेले आणि शांतिसेनेचा तळ तेथून हाकेच्या अंतरावर होता. तेव्हा बंदूक आवरणे हे नेहमीच पुण्य नसते. सूडासाठी ती उचलू नये आणि दुबळ्यासाठी उचलायला कचरू नये. दोन्ही एकाच इमानाच्या बाजू आहेत.

मुसलमान जवानावर आणखी एक ओझे असते. त्याच्या डोळ्यांतले पाणी इतर लोक तपासून पाहतात. मुंबईच्या मुसलमानांनी नऊ मृत अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारात पडून राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये गुप्तपणे पुरले गेले. तो नकार त्यांच्या स्वतःच्या दुःखातून आला होता. त्याला निष्ठेचा दाखला समजणे म्हणजे त्या दुःखाचा अपमान करणे होय. भावाच्या काळजीने रात्र जागणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. मग या जवानाकडे का मागावा?

जिवंत सापडलेल्या अजमल कसाबवर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार वर्षे लागली. पुष्कळांना ती फार वाटली. पण आपला राग आपल्याच हातांनी न वापरता न्यायाच्या स्वाधीन करायचा, तर एवढा धीर हवाच. कोणाबद्दलच्या द्वेषाने इन्साफाची वाट सोडू नये, ही कुराणाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिची खरी कसोटी मशिदीत लागत नाही. घर जळत असताना, हातात बंदूक असताना, परक्या मुलखात ती लागते.