पावतीवाचूनचा विश्वास

रोखीत उरकलेल्या कामात फसते कोण? सरकार, असे आपण चटकन म्हणतो. आणि सरकार म्हणजे काही शेजारी नव्हे, अशी मनाची समजूतही घालतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. घरदुरुस्तीच्या कंत्राटावर तो शेकडा १८. म्हणजे लाखाच्या कामात १८ हजारांचा मोह. भले भले घुटमळतात!

मला नवल वाटते ते निराळेच. सरकारशी लबाडी करणारा कंत्राटदार आपल्याशी मात्र सचोटीने वागेल, हे आपण गृहीत धरतो. आषाढात न्हाणीघराची भिंत पाझरू लागली म्हणजे उमगते, की बिल हा नुसता कराचा कागद नव्हता. काम कुणी केले, माल कोणता, पैसे किती, याचा तो साक्षीदार होता. ग्राहक आयोगापुढे काय ठेवायचे? पुढे घर विकताना नफ्यातून हा खर्च वजा मागावा, तर पुरावा कुठला? शिवाय तक्रार करायची, तर आधी आपलीच भागीदारी सांगावी लागते.

नोंदणीची सक्ती नसलेला लहान गवंडी कर घेत नाही, त्यात गैर काहीच नाही. त्याने वहीच्या पानावर काम, रक्कम नि तारीख लिहून सही केली, तरी मला ती पुरे.