अवजारांची हौस

खामगाव, मलकापूर किंवा चिखली येथील हार्डवेअरच्या दुकानात बाजाराच्या दिवशी क्षणभर उभे राहून पाहावे. खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे घेण्यास आलेला मनुष्य आपले काम उरकल्यावरही लगेच निघत नाही. काचेच्या कपाटात निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांची यंत्रे मांडलेली असतात. भोके पाडण्याचे ड्रिल मशीन, लोखंड कापण्याचा ग्राइंडर, विजेवर चालणारा रंधा. त्यांकडे त्याची दृष्टी वळते. तो एक यंत्र हातात मागून घेतो, त्याचे वजन तोलून पाहतो, दुकानदाराच्या अनुमतीने कळ दाबतो. यंत्र गुरगुरते, आणि त्याबरोबर त्याच्या मुखावर लहान मुलासारखा आनंद पसरतो. घरी भोक पाडावयाचे ते एका घड्याळासाठी, हे त्यास पुरते ठाऊक असते. तरीही तो किंमत विचारतो. अलीकडे तर दुकानापर्यंत जाण्याचेही कारण उरले नाही. मोबाइलवर बोट टेकले की चार-सहा दिवसांत पेटी दारात येते, आणि एक आली की दुसरीची वाट पाहणे सुरू होते. ही हौस मुळात कशाची आहे, आणि तिच्यात काही दोष असल्यास तो नेमका कोठे आहे, याचा थोडा विचार करू.

यंत्राची शक्ती आपल्या जिल्ह्यास नवी नाही. जलंबहून खामगावास आगगाडीचा फाटा १८७० साली आला आणि पुढे कापसाच्या बाजाराभोवती जिन व प्रेस उभे राहिले. त्या काळच्या कारखान्यांत एक मोठे वाफेचे इंजिन असे. ते एक लांब दांडा फिरवी, आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली येऊन एकेक यंत्रास गती देत. अशी शक्ती तुकड्यांनी विकत मिळत नसे. ज्याच्यापाशी इंजिन, त्याच्यापाशीच सर्व सामर्थ्य. मजुराने सरकी-रुई उचलावी आणि पट्ट्यापासून आपला हात व धोतर सांभाळावे, एवढेच. विजेच्या मोटारीने ही स्थिती पालटली. तिने शक्तीचे लहान लहान वाटे केले. जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी फाइन यांच्या कारखान्याने १८९५ साली हाती धरावयाचे विजेचे ड्रिल केले. अमेरिकेत ब्लॅक व डेकर या जोडीने पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबावयाची कळ योजून १९१७ साली तिचे पेटंट मिळविले. १९४६ साली याच कंपनीने कारखान्यांऐवजी घरांसाठी म्हणून स्वस्त यंत्रे विकावयास काढली, आणि १९६१ साली तारेवाचून बॅटरीवर चालणारे ड्रिल आणले. जे सामर्थ्य एके काळी जिनाच्या मालकाचे होते, त्याचा एक पसाभर अंश आज शेतमजुराच्याही मुठीत मावतो. मूठ पिस्तुलाची आहे, ही गोष्टही काही वावगी नाही. ती हाती धरताच आपण कोणी तरी आहोत असे मनुष्यास वाटू लागते.

हे वाटणे पोकळ आहे असे म्हणून हसण्यापूर्वी आपल्या गावांचा मागचा इतिहास आठवावा. सुताराची पटाशी सुताराच्या मुलाकडे आणि लोहाराचा घण लोहाराच्या मुलाकडे जाई. तिफण, वखर, डवरा, गाडीचे चाक, सर्व काही सुताराच्या दारी; त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते द्यावयाचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवहाराचे सविस्तर वर्णन केले आहे. या व्यवस्थेत परस्परांचा आधार होता हे खरे; पण ज्यांच्या वाट्याला मेलेले जनावर ओढणे, वेशीवर राबणे आणि सांगाल तो निरोप पोचविणे एवढेच आले, त्यांच्या मुलाने करवत हाती धरून सुतारकी शिकावी, ही कल्पना गावास रुचण्यासारखी नव्हती. म्हणूनच अहमदनगर येथे (ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात) अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने औद्योगिक शाळा चालविली, तेव्हा तेथे लाकूडकाम व धातुकाम शिकण्याला केवळ पोटापाण्यापलीकडचा अर्थ होता. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना जे अवजार शिवण्याचा अधिकार नव्हता, ते आज नातू जात न सांगता, कोणाची परवानगी न घेता, रोख पैसे टाकून घरी आणतो. त्याच्या त्या आनंदात लोभ किती आणि मोकळेपणा किती, हे बाहेरच्याने चटकन ठरवू नये. आम्हांस तरी त्यात मोकळेपणाचा भाग पुष्कळ दिसतो.

परंतु पहिल्या यंत्रास लागू पडणारे हे समर्थन पाचव्या यंत्रास लागू पडत नाही, आणि येथेच विचाराची खरी गरज आहे.

पाचवे यंत्र घेणारा मनुष्य वस्तुतः यंत्र घेत नसतो. तो उद्याचा आपण विकत घेत असतो. त्या उद्याच्या मनुष्यास रविवारी दुपारी फुरसत असते. तो गळकी खिडकी दुरुस्त करतो, मुलीला अभ्यासाचे मेज करून देतो, गोठ्याचे मोडके दार नीट बसवितो. तो शहाणा, उद्योगी व कोणावाचून न अडणारा असतो. त्याचे चित्र इतके मोहक असते की पेटी घरी येताच अर्धे काम झाल्याचे समाधान मिळते. मग मेज होत नाही. कारण मेज करण्याने जे सुख मिळावयाचे ते मेजाच्या तयारीनेच मिळून गेलेले असते. साडी किंवा दागिना यांची हौस निदान आपण हौस आहोत असे कबूल करते. अवजाराची हौस मात्र कष्टाचे व काटकसरीचे सोंग घेऊन येते. ‘सुताराचे पैसे वाचतील’ असे घरधनी म्हणतो, आणि घरधनीणीस उत्तर सुचत नाही, कारण अवजाराला उधळपट्टी कोण म्हणणार? आळशी मनुष्य आपल्या आळसाला विश्रांती म्हणतो, तसाच हा प्रकार आहे. फक्त याची पेटी टणक आणि पावतीसह असते.

विकणारेही या दुर्बलतेस ओळखून आहेत. बॅटरीवरील यंत्रांचेच पाहा. एका कंपनीची बॅटरी बहुधा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. ड्रिल घेतले, बॅटरी व चार्जर आले. आता त्याच बॅटरीवर चालणारी करवत बॅटरीवाचून स्वस्तात मिळते, मग का न घ्यावी? अशा रीतीने पहिली खरेदी पुढच्या पाच खरेद्यांची वाट बांधून ठेवते. इकडे न वापरलेले यंत्र स्वस्थ बसलेले दिसले तरी ते झिजतच असते. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरून महिनोन्‌महिने पडली तर पुन्हा चार्ज न होण्याचा धोका असतो, आणि वऱ्हाडातील वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. दातेरी चक्रांवरील ग्रीस वाळते, पावसाळ्यातील दमटपणाने बिटांना गंज चढतो. उलट रोज राबणाऱ्या कारागिराच्या ड्रिलचे कार्बन झिजले की तो थोडक्या पैशांत नवे कार्बन टाकून त्याच यंत्रावर वर्षानुवर्षे पोट भरतो.

संग्रह करणे हेच वाईट, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी उभा जन्म घालवून दिवे, अडकित्ते, दारे, स्वयंपाकघरातील भांडी अशा साध्या वस्तू गोळा केल्या. अकाली वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहास दिले, आणि १९७५ साली तो महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वर्धा येथील मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले गेले, तेही ग्रामोद्योग लोकांस दाखविण्यासाठीच. या संग्रहांपुढे उभे राहिले असता एक भेद ध्यानात येतो. केळकरांचे अडकित्ते कोणी तरी पूर्वी वापरलेले होते; मुठी हातांनी गुळगुळीत झालेल्या, पाती सुपारीने झिजलेली. त्यांनी इतरांच्या हातांचा ठसा जपून ठेवला व तो सर्वांस पाहावयास दिला. आपल्या हौशी गृहस्थाच्या कपाटातील यंत्रांवर कोणाच्याच हाताचा ठसा नाही, आणि ते कपाट शेजाऱ्यास उघडे नाही.

पैशाचा हिशेबही एकदा मांडावा लागेल. २०२५–२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. अडीच हजारांचे साधे ड्रिल म्हणजे उन्हातील आठ दिवस. त्याच यंत्राकडे चौकटी बसविणाऱ्या तरुणाने पाहिले तर ते आठ दिवस काही आठवड्यांत भरून निघतात. सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार आदी १८ व्यवसायांच्या कारागिरांस अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेविले, ते याच कारणासाठी. पण ज्यास वर्षातून दोन भोके पाडावयाची आहेत त्याचे आठ दिवस परत येत नाहीत. आणि यंत्र हप्त्याने घेतले असेल तर त्या आठ दिवसांचे नऊ-दहा होतात. शाळेची फी व खताची उधारी त्याच महिन्यात येते, हे तो दुकानात उभा असताना विसरतो. बायको विसरत नाही.

मग ज्याच्या घरी चार यंत्रे आलीच आहेत, त्याने काय करावे? विकून टाकावी असे म्हणणे सोपे, पण जुन्या यंत्राला मोल येत नाही. येथे अलीशाच्या शिष्याची गोष्ट आठवते. यार्देनेच्या काठी लाकूड तोडीत असता त्याच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडले, आणि तो ओरडला तो आपल्या नुकसानीबद्दल नव्हे, तर ती कुऱ्हाड मागून आणलेली होती म्हणून. या गोष्टीतील चमत्काराविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या कुऱ्हाडीच्या मालकाविषयी कोणी बोलत नाही. लोखंड महाग असताना त्याने आपले अवजार एका गरीब विद्यार्थ्यास घर बांधण्यासाठी दिले होते. त्याचे नावसुद्धा कोठे लिहिलेले नाही.

‘मागून नेलेली वस्तू मोडून परत येते,’ हा आक्षेप खरा आहे. शेजारी दगडी भिंतीत लाकडाचा बिट घालील, ग्राइंडरचे चाकावरील संरक्षक झाकण काढून ठेवील, आणि मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारे ते चाक फुटले तर डोळा जाईल. यास्तव यंत्र एकटे पाठवू नये. मालकाने त्याबरोबर स्वतः जावे, चष्मा बरोबर न्यावा, मोडलेल्या बिटाचे पैसे कोणी भरावयाचे ते आधीच मोकळेपणी ठरवावे. विधवेच्या घरी खुंट्या बसविताना, शाळेच्या खोलीत फळा टांगताना त्याला तो उद्याचा मनुष्य भेटण्याचा संभव आहे, ज्याच्यासाठी त्याने एवढा खर्च केला.

यात गावच्या सुताराची भाकर हिरावली जाते की काय, असेही कोणी विचारील. खुंटीच्या भोकासाठी त्याला कोणी पूर्वीही बोलावीत नव्हते. चौकट, दार, गाडीचे जू ही कामे त्याचीच आहेत व त्याचीच राहावीत. उलट हौशी मनुष्याने यंत्र घेऊन एक दुपार त्याच्याकडे जाऊन बसावे. वाळलेल्या बाभळीत बिट घुसवून जोर केला की धूर निघतो व बिट निळा पडतो. पेटीतील कागदावर त्याविषयी चार भाषांत लिहिलेले असते, तरी वाचणाऱ्याला ते समजत नाही. म्हातारा सुतार यंत्राचा आवाज नुसता कानाने ऐकतो आणि म्हणतो, दाबू नको, मागे घे, भुसा बाहेर येऊ दे, आता पुन्हा हळू.