रंग निराळा, तेज निराळं

"चेहऱ्याकडे लक्ष देत जा गं जरा." एका हळदीच्या कार्यक्रमात सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या नात्यातल्या काकूंनी हे सुनावलं. चारचौघींत, आणि तेही तिच्या गालाला हळद लावता लावता. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलगी "हो काकू" म्हणाली, ओढणी सारखी केली आणि बाजूला झाली. ते वाक्य मला मात्र अजून छळतं. जिच्या कपाळावर आणि गालांवर मुरुम आहेत ती चेहऱ्याकडे लक्ष देत नाही, हे कुणी ठरवलं? तिच्या चेहऱ्याकडे तिच्याइतकं लक्ष घरात दुसऱ्या कुणाचंच नसेल. कोणता फोड नवा आहे, कोणता बसत आलाय, फोटोत कोणती बाजू पुढे केली की डाग झाकतात, वर्गात कुठल्या बाकावर बसलं की खिडकीतला उजेड थेट गालावर येत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ असतं.

मुरुम का येतात हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. वयात येताना बदलणारी संप्रेरकं, जास्तीचं तेल, बुजणारी रंध्रं, त्यात वाढणारे जंतू. त्यावर मी वेळ घालवत नाही. पण यातली एक गोष्ट डोक्याला पटली तरी हातांना पटत नाही, ती ही की मुरुम मळामुळे येत नाहीत. नाकावरचे काळे ठिपके घ्या. इतके काळे, की ती धूळच वाटते. प्रत्यक्षात रंध्राच्या तोंडाशी तेल आणि मृत पेशी यांची गुठळी अडकलेली असते, आणि तिच्यातलं रंगद्रव्य व तेल यांचा हवेशी संबंध आला की वरचं टोक काळं पडतं. ते घासून निघत नाही, कारण ते वरून पडलेलं नाही, आतून आलेलं आहे. तरीही आपण चेहरा दिवाळीआधीच्या पितळी भांड्यासारखा घासायला घेतो. दिवसातून चारदा साबण, मग भरड डाळीचं पीठ, मग लिंबाची फोड. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, त्याचा पीएच साधारण 5 च्या आसपास. अंगाच्या साबणाचा 9 ते 10. लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळपास. म्हणजे एकाच सकाळी आपण त्या थराला एकदा या टोकाला ओढतो आणि एकदा त्या टोकाला. तो थर मग कोरडा पडतो, सालपटं धरतो, खडबडीत होतो. खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सरळ परत येत नाही, विखुरतो. निस्तेज दिसणं म्हणतात ते बरेचदा एवढंच असतं. चेहरा निस्तेज वाटतो म्हणून घासायचा, आणि घासल्यामुळे तो आणखी निस्तेज व्हायचा.

इथे मला एक भेद करायचा आहे, आणि पुढेही मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला आहे. रंग निराळा आणि तेज निराळं. रंग ठरतो तो त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावरून. तेज ठरतं ते वरच्या थराच्या सपाटपणावरून, त्यातल्या ओलाव्यावरून, खालून वाहणाऱ्या रक्तावरून. शेतात उन्हातान्हात राबलेल्या कित्येक बायकांची काळीसावळी कांती तुकतुकीत असते, आणि एसीत बसणारा गोरा चेहरा कोमेजलेला असतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तरी 'चेहरा उजळला पाहिजे' असं म्हणताना या दोन गोष्टी आपण एकाच मापाने मोजतो. बाजाराने ही गल्लत निर्माण केली नाही, ती आपल्या घरातच होती. बाजाराने ती फक्त हेरली. 'फेअर अँड लव्हली' भारतात आली 1975 साली. 2020 साली तिचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. गोरेपणाच्या जागी तेज आलं, आणि ते इतक्या सहज आलं, कारण ग्राहकाच्या मनात ती दोन्ही आधीपासून एकच होती.

या गल्लतीची किंमत क्रीमच्या किमतीपुरती असती तर मी एवढी अस्वस्थ झाले नसते. खरी किंमत मेडिकलच्या काउंटरवर मोजली जाते. मुलगी जाते आणि हळू आवाजात म्हणते, "पिंपल्ससाठी काहीतरी द्या ना, आणि डाग पण जायला पाहिजेत." काउंटरमागचा माणूस खणातून एक छोटी ट्यूब काढतो, कागदी पाकिटात घालतो. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. आत बहुधा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादं स्टिरॉइड. पहिल्या आठवड्यात चमत्कार होतो. लाली ओसरते, चेहरा मऊ होतो, रंग उतरतो. मुलगी मैत्रिणींना ट्यूबचं नाव सांगते. काही महिन्यांनी त्वचा इतकी पातळ होते की गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते, गालांवर लव वाढते, आणि मुरुम पूर्वीपेक्षा जास्त उठतात. घाबरून ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच दिलं आहे, इतक्या मुली आणि मुलगे ती घेऊन त्यांच्याकडे येतात. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देताच येत नाहीत. कागदावर.

त्या तीन औषधांचा मेळ मुळात आला कुठून, हे इथे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. फिलाडेल्फियात अल्बर्ट क्लिगमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. मुरुमांवर ट्रेटिनॉइन हे औषध त्यांनी पुढे आणलं. आज जगभर मुरुमांवर जी मलमं देतात त्यातल्या एका मोठ्या कुळाचा हा मूळपुरुष. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन एकत्र करून रंग उतरवण्याचं सूत्रही त्यांचंच, सहकारी विलिस यांच्याबरोबर 1975 साली प्रसिद्ध केलेलं. फेअर अँड लव्हलीचंच वर्ष. हे क्लिगमन 1950च्या दशकापासून 1974 पर्यंत होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग करत होते. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, हाताशी पैसा नसलेले, काही डॉलरांसाठी पाठ आणि हात पुढे करणारे. त्यांच्या त्वचेवर औषधं लावली गेली, सौंदर्यप्रसाधनं लावली गेली, डायऑक्सिनसारखं विषही लावलं गेलं. तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आपल्याला समोर माणसं दिसलीच नाहीत, नुसती एकरच्या एकर त्वचा दिसली, अशा अर्थाचं क्लिगमन यांनी पुढे एका वार्ताहराला सांगितलं होतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने 2021 साली आणि फिलाडेल्फिया शहराने 2022 साली त्या कैद्यांची माफी मागितली. तोवर त्यांतले कित्येक हयात नव्हते.

मुरुमांवरचं औषध वाईट आहे असं मला यातून म्हणायचं नाही. औषध चांगलं आहे. मला घोर लागतो तो त्या पाहण्याचा. माणूस बाजूला सारून नुसती त्वचा पाहायची, तिच्यावर काहीतरी थापून परिणाम बघायचा. हळदीतल्या काकू, काउंटरवरचा माणूस, मोबाइलमधला फिल्टर, या सगळ्यांचं पाहणं कमीअधिक तसंच आहे. म्हणून बराच काळ माझं म्हणणं सरळ होतं: चेहऱ्याच्या मागे लागू नका. घासू नका, थापू नका, विकत आणू नका. त्वचेला तिच्या गतीने जगू द्या.

माझी एक मैत्रीण गावच्या शाळेत शिकवते. तिला मी हे सांगितलं तर ती माझ्याही पुढे गेली. म्हणाली, "अगं, आपल्या वेळी कुणाला नव्हते मुरुम? आले तसे गेले. तू त्याला रोग म्हणायला लागलीस की उद्या माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी पेशंट होतील. पोरींना आरशापासून लांब राहायला शिकवावं, बस्स." तिचा संताप खरा आहे. आठवीतल्या मुली सीरमची नावं घडाघडा सांगतात आणि जेवायला डब्यात काय आणलंय ते बघत नाहीत, हे ती रोज पाहते. पण माझंच म्हणणं तिच्या तोंडून ऐकलं, आणि ते मला अपुरं वाटू लागलं.

एक तर 'आले तसे गेले' हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. खोल, गाठीसारखे, दुखरे मुरुम गेले तरी खड्डे ठेवून जातात, आणि ते आयुष्यभर राहतात. मुलग्यांना तर असे खोल मुरुम जास्त होतात, आणि त्यांना कुणी लक्ष देत जा म्हणूनही सांगत नाही. दुसरं असं, की मुलीचे मुरुम हटत नसतील, जोडीला पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर ते पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराचं लक्षण असू शकतं. तो चेहऱ्याचा प्रश्नच राहत नाही. ही मुलगी आरशापासून लांब राहिली काय आणि जवळ राहिली काय, तिला डॉक्टर हवा.

आणि तिसरं कारण मला सर्वांत जड वाटतं, कारण ते माझ्या भेदापाशीच परत येतं. गोऱ्या त्वचेवर मुरुम लाल दिसतो आणि बसला की लाली मावळते. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी चटकन चिडतात. जिथे दाह झाला तिथे त्या जास्तीचं रंगद्रव्य सोडतात. मुरुम आठवड्यात बसतो, काळा डाग कित्येक महिने राहतो. म्हणजे आमच्याकडे रंग आणि तेज हे एका जागी खरोखरच एकमेकांत अडकलेले आहेत. मुलगी "डाग पण जायला पाहिजेत" म्हणते तेव्हा ती गोरेपणा मागत असते असं मी धरून चालले होते. ती बहुधा तिचा स्वतःचा, मुरुमांआधीचा सावळा रंग परत मागत असते. त्या मागणीत लाजण्यासारखं काही नाही. आणि डाग पडूच नयेत याचा उपाय मुरुम लवकर आटोक्यात आणणं हाच आहे. वाट पाहणं गोऱ्या कातडीला परवडतं, आपल्या कातडीला महाग पडतं. त्वचारोगांच्या पुस्तकांतली चित्रं वर्षानुवर्षं बहुतांशी गोऱ्या त्वचेचीच होती, तेव्हा सोडून द्या हा सल्लाही नेमका कोणाच्या त्वचेकडे बघून दिला गेला, हा प्रश्न मला पडतो.

मैत्रिणीला मी सुश्रुताचंही सांगितलं. त्याने मुरुमांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचं खोड ज्याने पाहिलंय त्याला कळेल, बुंध्याशी रुंद आणि टोकाला निमुळता असा तो काटा हुबेहूब तसाच दिसतो. तरुणांच्या तोंडावर हे येतात हेही त्याने नोंदवलं. म्हणजे वयाचा भाग आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने ते क्षुद्ररोगांत घातलं. क्षुद्र म्हणून असेल, पण रोगांतच. ती म्हणाली, "सुश्रुताच्या वर्गात साठ पोरं नव्हती." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

पण उपचार म्हणजे बाजार, हे तिचं समीकरण मी मान्य करत नाही. मुरुमांवरचा योग्य उपचार बाजाराच्या अगदी उलट चालतो. त्यात वस्तू कमी असतात आणि वेळ फार लागतो. सौम्य फेसवॉश, तोही दोनदाच. रात्री सगळ्या चेहऱ्यावर मिळून वाटाण्याएवढं अॅडापॅलीनचं मलम. लागलं तर बेंझॉइल पेरॉक्साइड, ज्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडून पांढरे धब्बे पडतात, म्हणून जुना अभ्रा घालावा लागतो. वर साधं मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन, कारण ऊन डाग गडद करतं. सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकी राख बसवणारं सनस्क्रीन कुणीच धड लावत नाही, तेव्हा रंगाची छटा असलेलं मिळालं तर उत्तम. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि त्या प्रकाशानेही आपली त्वचा काळवंडते. उपचाराचे पहिले दोन-तीन आठवडे चेहरा आणखी सोलवटतो, बिघडल्यासारखा दिसतो. फरक पडायला दोन ते तीन महिने जातात. या काळात मुलीला कुणीतरी सांगणारं हवं की हे असंच होतं, सोडू नकोस. स्टिरॉइडची ट्यूब जिंकते ती इथेच. ती तीन महिने मागत नाही, आठवड्यात फळ दाखवते.

तालुक्याच्या गावी स्किनचे डॉक्टर सहसा नसतात, जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, हे मैत्रिणीने मला सुनावलं, आणि ते खरं आहे. पण तिच्याच शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात खरूज, गजकर्णासारखे बुरशीचे आजार, इसब हे त्वचेचे विकार पाहतातच. डॉक्टर मुलीचा चेहरा समोर बघतच असतात. तिथल्या तिथे आणखी दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटं पुरतात. पाळी वेळेवर येते का? आणि चेहऱ्याला काय लावतेस, ती ट्यूब उद्या घेऊन येशील?