ओढता कामठा

मावळातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर एके काळी तीरकामठा हे नेहमीचं हत्यार होतं. कोयता असावा तसा तोही असायचा. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. रानातली शिकार थांबली, आणि ते योग्यच झालं. पण हातातल्या कामठ्याचं काम गेलं. काही मोडले, काही चुलीत गेले. काही मात्र आढ्याला खोचून राहिले. आजोबांच्या हातचा आहे, चांगला आहे, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक असतं. मग दहा-पंधरा वर्षांनी कुणी पाहुणा येतो. कामठा खाली काढतात, धूळ झटकतात, दोरी चढवतात. एखादा तरणाताठा पोरगा एका दमात तो कानापर्यंत ओढतो आणि 'कट्' असा आवाज होतो. मुठीच्या वर बोटभर चीर गेलेली असते. इतका जपला होता, तरी असं कसं झालं, असं म्हणून सगळे हळहळतात. खरं तर त्याला कुणी वाईट वागवलेलं नसतं. इतक्या वर्षांत त्याला कुणी नीट पाहिलेलं नसतं, एवढंच. आतून भुंगा लागलेला कळला नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे बांबू कोरडा पडत गेला, तेही कळलं नाही. वस्तू हातात आली की डोळ्याखाली येते. वर ठेवलेली वस्तू आपण फक्त आठवतो.

ज्याचा कामठा वापरात असतो, त्याची सकाळ बघण्यासारखी असते. तो आधी कामठ्यावरून अंगठा फिरवतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. बांबूच्या सालीकडच्या बाजूला धागे दाट असतात, तिथे एखादी कुसळाएवढी चीर उठली तरी ती अंगठ्याला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते. मग दोरी. सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या कामठ्याला बांबूच्याच सालपटाची दोरी लावतात. दोरी कसलीही असो, ती विरते ती टोकाच्या खाचेपाशी आणि मधे तीर बसतो तिथे, म्हणून बोट तिथेच थांबतं. सुताची दोरी असेल तर मधाच्या पोळ्याचं मेण चोळायचं, चिमटीत ऊब येईपर्यंत. दोरी चढवली की दोन्ही अंगं सारखी वाकतात का ते पाहायचं. लगेच पूर्ण ओढायचं नाही. आधी अर्ध्यापर्यंत, चार-पाच वेळा, मग थोडं पुढे. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण लगेच पळायला लावत नाही, तसंच हे. आणि तीर न लावता दोरी कधीच सोडायची नाही. तीर असला की सुटलेला जोर तीर घेऊन जातो, नसला की तो सगळा जोर कामठ्याच्याच अंगात परत शिरतो. लहान मुलं गंमत म्हणून रिकामी दोरी सोडतात, त्यांना प्रेमानं पण लगेच अडवावं. मारायला काही जिवंत लागत नाही. मावळ हा भाताचा मुलूख, पेंढ्याला तोटा नाही. पेंढ्याचा एक घट्ट भारा मागे बांध बघून ठेवला, माणसं-गुरं त्या बाजूला नाहीत एवढं पाहिलं, की पंधरा मिनिटांचा सराव होतो. काम झालं की दोरी उतरवायची. हे विसरून चालत नाही. चढवलेल्या दोरीनं कामठा रात्रंदिवस ताणात राहतो, पोटाकडचे धागे दबून जातात, आणि मग दोरी काढली तरी तो वाकलेलाच राहतो. त्यातली उसळी गेलेली असते. उतरवलेला कामठा कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा केला तर त्याला पीळ पडतो, म्हणून दोन खुंट्यांवर आडवा ठेवायचा. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा भिंतीसुद्धा घाम धरतात. त्या दिवसांत चुलीच्या वर, धुराच्या वाटेवर पण जाळापासून लांब, ही जुनी जागाच बरी. धुरानं भुंगा दूर राहतो आणि ओल धरत नाही. एवढं सगळं सांगायला वेळ लागतो, करायला लागत नाही. चहाला उकळी येईपर्यंत अंगठा दोनदा फिरून येतो.

कार्ल्याच्या लेण्यात कधी गेलात तर चैत्यगृहात उभं राहून वर बघा. दगडी छताखाली सागवानी कमानी आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लाकूड इतकं टिकू शकतं, हे पाहून मन भरून येतं. पण त्या कमानींवर डोंगराचं ओझं नाही, ते खडकानंच पेललंय. त्यांना वाकायचं नाही, सुटायचं नाही, फक्त असायचं आहे. आडोशाला, कोरड्या जागी त्या तशाच राहिल्या आणि पुढेही राहोत. कामठ्याचं तसं नाही. तो नुसता राहिला तर काठी होतो. मला वाटतं, आपल्याजवळच्या कितीतरी चांगल्या गोष्टी कामठ्याच्या जातीच्या असतात आणि आपण त्या कमानीसारख्या ठेवतो. कुणाचा गळा गोड असतो, पण तो फक्त लग्नकार्यात आग्रह झाल्यावर गातो. कुणाला पोहायला येतं, विहीर सुटून वीस वर्षं झालेली असतात. कुणी सुंदर पत्र लिहायचं, आता सहीपुरतं पेन उघडतं. धाकट्या भावाशी मनमोकळं बोलण्याची एक जुनी सवय असते, ती दिवाळीवर ढकललेली असते. या गोष्टी आपल्याला आवडत नाहीत असं मुळीच नाही. फार आवडतात, म्हणूनच चांगल्या वेळेसाठी राखून ठेवलेल्या असतात. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुसतो, तेल लावतो, हळद-कुंकू वाहतो. त्या पाटावर शेजारी शेजारी ठेवलेलं पाहिलं की फरक दिसतो. रोजच्या कामातला कोयता मुठीशी गुळगुळीत झालेला असतो, पात्याला नुसतं फडकं लावलं तरी चमकतो. वर्षातून एकदा बाहेर येणाऱ्या हत्याराचा गंज काढण्यातच सकाळ जाते. पूजा दोघांचीही होते आणि व्हावीच. पण मला त्या कोयत्याच्या मुठीकडे बघून जास्त हात जोडावेसे वाटतात. तिथे वर्षभराचा हात लागलेला असतो. आणि वर्षभर हात लागतो तिथे खीळ सैल झालेली, मूठ हललेली त्याच दिवशी कळते. वेळेवर कळलेली गोष्ट दुरुस्त करायला फार काही लागत नाही.

यात अतिरेकाचीही वाट आहे, तीही ओळखून असावी. काही माणसं दोरी उतरवतच नाहीत. सकाळपासून रात्रीपर्यंत चढवलेली. त्यांच्या हातून काम पुष्कळ होतं, पण काही वर्षांत अंगातली उसळी जाते. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगाचा अभ्यास शास्त्रीय मोजमापं घेऊन सुरू केला. तिथे आणि सगळीकडेच धनुरासन शिकवताना शरीर ताणायला सांगतात, थोडे श्वास थांबायला सांगतात, आणि मग सोडून पालथं स्वस्थ पडायला सांगतात. ते पडणं आसनाचाच भाग मानतात. कामावरून घरी आल्यावर दहा मिनिटं ओसरीवर नुसतं बसणं, हीसुद्धा दोरी उतरवणंच आहे. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये. आणि ज्यांचं धनुष्य फार वर्षं आढ्याला आहे, त्यांनी मन लहान करू नये. भुंगा लागलेला नसेल, चीर नसेल, तर बहुतेक कामठे परत चालते होतात, फक्त घाई सोसत नाहीत. आज खाली काढा, पुसा, अंगठा फिरवा, तेलाचं बोट लावा. दोन दिवस तसाच राहू द्या. मग दोरी चढवून थोडा वेळ ठेवा आणि उतरवा. त्यानंतर चार बोटं ओढा, सावकाश सोडत आणा. दुसऱ्या दिवशी वीतभर. असं करता करता एक दिवस अर्ध्यापर्यंत येईल, तेव्हा तीर लावा आणि पेंढ्याचा भारा अगदी जवळ, दहा पावलांवर ठेवा. गाणाऱ्यानंही असंच करावं, आधी नुसता सा लावावा. पत्र लिहिणाऱ्यानं चार ओळींचं पोस्टकार्ड लिहावं. भावाला फोन करायचा तर कारण शोधत बसू नये, जेवलास का एवढं विचारलं तरी पुरतं. तीर भाऱ्याच्या कडेला लागेल, कधी बाजूनं निघून जाईल. जाऊ द्या, उचलून आणा आणि परत लावा. पहिले काही दिवस तीर कुठे लागतो ते बघायचंच नाही, कामठा वाकताना कसा आवाज करतो तेवढं ऐकायचं.