आश्चर्य कोणाला?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखात मी लिहिले होते, 'आश्चर्य म्हणजे, बाईंना सगळ्या कर्जांचे हिशेब तोंडपाठ होते.' बाई एका बचत गटाच्या प्रमुख होत्या. शाळा चौथीतच सुटलेली. संपादकांकडून हस्तलिखित परत आले तेव्हा या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : 'कोणाला?' गटातल्या बायकांना आश्चर्य नव्हतेच. हिशेब पक्का म्हणून तर त्यांनी बाईंना प्रमुख केले होते. आश्चर्य फक्त मला वाटले होते आणि ते मी साऱ्या जगाच्या नावावर मांडून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून इंग्रजी वाचतानाही तो प्रश्न सोबत असतो. इंग्रजीत आश्चर्य दाखवणारी क्रियाविशेषणे पुष्कळ आहेत : सडनली, अनएक्स्पेक्टेडली, सरप्रायझिंगली, अस्टॉनिशिंगली. दिसायला ती भावंडे, पण कामे वेगळी. 'सडनली' घटनेला चिकटते. दार कसे उघडले? एकदम. 'सरप्रायझिंगली' वाक्याच्या तोंडाशी आले की मात्र ते दाराबद्दल काहीच सांगत नाही. दार उघडल्याचे सांगणाऱ्याला नवल वाटले, एवढेच सांगते. 'सरप्राइज' या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि इंग्रजीत तो आरंभी बेसावध शत्रूवर घातलेल्या छाप्यासाठी वापरला जाई. छापा पडायचा तर बेसावध असलेला कोणीतरी हवाच. आपला 'अकस्मात' निराळ्या वाटेने आला. अ-कस्मात्, म्हणजे कशामुळेही नाही. त्यात कारण नाही, आणि माणूसही नाही. इंग्रजी शब्दात मात्र माणूस दडलेला आहे, आणि तो कोण हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

अमेरिकन गुन्हेकथाकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम मांडले. त्यांतल्या एका नियमाने 'सडनली'वर सरळ बंदीच घातली. बंदीमागचे कारण मला पटते. 'अचानक फोन वाजला' या वाक्यात 'अचानक' काय करतो? फोन सांगून थोडाच वाजतो! उलट तो शब्द पुढे धावत येऊन वाचकाला सावध करतो, आणि सावध माणसाला धक्का बसत नाही. काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' १९१५ साली आली. पहिल्याच वाक्यात एक फिरता विक्रेता सकाळी जागा होतो तो किडा होऊनच, आणि त्या वाक्यात आश्चर्याचा एकही शब्द नाही. वाचक हादरतो तो त्या सपाट सुरामुळे.

तरीही बंदी हा उपाय मला अपुरा वाटतो. दोस्तोव्हस्कीच्या १८६६ सालच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये 'एकाएकी' या अर्थाचा रशियन शब्द पुनःपुन्हा येतो. अनुवादकाला त्यातले निम्मे गाळण्याचा मोह व्हावा, इतक्यांदा येतो. पण कादंबरीचा नायक रास्कोल्निकॉव्ह पुढच्या क्षणी काय करील हे त्याचे त्यालाच माहीत नसते. ते 'एकाएकी' त्याच्या मनाचे ठोके आहेत. ते गाळले तर माणूसच वेगळा होईल. इथे 'कोणाला?' या प्रश्नाला चोख उत्तर आहे.

व्हर्जिनिया वुल्फच्या 'टू द लाइटहाउस'मधले (१९२७) उदाहरण तर विलक्षण आहे. कादंबरीचा सगळा पहिला भाग ज्यांच्याभोवती फिरतो, त्या मिसेस रॅम्से मधल्या भागात वारतात. ही बातमी येते चौकटी कंसात, तीही एका गौण उपवाक्यात. त्यात दोन शब्द आहेत : 'रादर सडनली'. मराठीत म्हणायचे तर 'तशा अचानकच गेल्या'. शेजारच्या बाई दारात उभ्या राहून सांगतील तसे. 'रादर'ने 'सडनली'चा आवाज खाली आणला आहे. धक्का त्या शब्दांत नाहीच. तो आहे अंधारात पुढे केलेल्या नवऱ्याच्या हातांत, जे रिकामेच राहतात.

विज्ञानात आश्चर्याला मालक असतो आणि आधारही. १९०९ साली मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन या संशोधकांना दिसले की धातूच्या पातळ पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी थोडे चक्क मागे उसळतात. त्यांचे प्रमुख रदरफर्ड थक्क झाले, कारण अणूचे तेव्हाचे चित्र पाहता तसे व्हायलाच नको होते. अपेक्षा आधी मांडलेली होती, म्हणून आश्चर्याला अर्थ होता, आणि त्यातूनच अणुकेंद्राचा शोध लागला.

धोका आहे तो न मांडलेल्या अपेक्षेचा. अमेरिकेत कृष्णवर्णीय वक्त्याबद्दल कोणी 'सरप्रायझिंगली आर्टिक्युलेट' म्हटले, तर स्तुती वक्त्याची होत नाही, पूर्वग्रह बोलणाऱ्याचा उघडा पडतो. आपल्याकडे हेच काम वर आलेला 'चक्क' हा इवलासा शब्द करतो. 'बाबांनी चक्क भांडी घासली' हे वाक्य आपण सहज बोलतो. 'आईने चक्क भांडी घासली' असे कोणी म्हणत नाही. घरातली कामाची सगळी वाटणी त्या एका शब्दात सामावली आहे. वर्तमानपत्री मराठीतला 'आश्चर्यकारकरीत्या' तर इंग्रजीचे ओझे आणि न तपासलेली अपेक्षा, दोन्ही एकदमच वाहतो.

म्हणून आश्चर्याचे शब्द टाळावेत असे मी म्हणणार नाही. ते लिहिताना समासातला प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर पात्राचे असेल तर शब्द राहू द्यावा. आपले असेल तर तसे कबूल करावे, किंवा आपल्याला थक्क करणारी गोष्टच वाचकासमोर ठेवावी आणि बाजूला व्हावे.

ते वाक्य मी पुढे बदलले. 'बाई एकेकीचे कर्ज, हप्ता, बाकी सांगत गेल्या. मी वहीत बोट ठेवून आकडे ताडत होतो. बावीस नावे झाली. एकही आकडा चुकला नाही.'