तुझ्याकडे काय नाही?



आज कार्डांविषयी बोलावंसं वाटतं. खेळातल्या, अदलाबदलीच्या कार्डांविषयी. नव्वदच्या दशकात जे शाळेत होते, त्यांच्या कानात मधल्या सुट्टीतला तो प्रश्न अजून असेल: "डबल आहे का?"

बिगफन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी कार्डं मिळायची, त्यांवर धावा नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांच्या पत्त्यांचा तोरा त्याहून मोठा. रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती खेळला, किती जिंकला, सगळं त्यावर लिहिलेलं. आपल्या हातातला वरचा पत्ता बघून एक आकडा पुकारायचा. समोरच्याचा कमी निघाला की त्याचा पत्ता आपला. वजन पुकारलं की योकोझुनापुढे कुणाचं काही चालत नसे. १९९६च्या क्रिकेट विश्वचषकात सचिननं ५२३ धावा काढल्या, स्पर्धेत सगळ्यांत जास्त. त्या दिवसांत सचिनचं कार्ड कुणी हातातून सोडेना. मग १७ मार्चला लाहोरच्या अंतिम सामन्यात अरविंद डिसिल्वानं शतक ठोकलं, आणि ज्याच्याकडे डिसिल्वा होता तो दुसऱ्या दिवशी वर्गात भाव खाऊ लागला.

आम्ही बाळकुमचे. आज तिथं उंच इमारती आहेत, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात बाळकुम नाका नावाचं स्थानक आहे. तेव्हाचं बाळकुम गाव आणि शहर यांच्या सीमेवर होतं. कापूरबावडीहून येणारा जुना आग्रा रोड इथून कशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जातो. त्यावर ट्रकची रांग लागलेली असे. खाडीच्या अंगाला आगरी-कोळ्यांची घरं, पाडे. पलीकडे कोलशेत रोडवर सॅण्डोझ, बायर अशा औषध-रसायनांच्या कंपन्या. त्यामुळे एका बाकावर खाडीत जाळं टाकणाऱ्या घरातला मुलगा, त्याच्या शेजारी कंपनीतल्या कामगाराचा आणि मागं रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याचा. कार्डं सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. कुणाचे वडील पगाराच्या दिवशी ठाण्याहून पत्त्यांचं अख्खं पाकीट आणत. कुणाला आठवड्याला एक बबलगम मिळालं तरी खूप.

आणि तरीही वर्गात सगळ्यांत भरलेला संच होता तो पाड्यावरच्या एका मुलाचा. त्याच्याकडे पैसे नव्हते. पण कुणाकडे काय नाही, हे त्याला पाठ होतं. पहिल्या बाकावरच्याला पैलवान ब्रेट हार्ट हवाय, तो शेवटच्या बाकावरच्याकडे डबल आहे, पण शेवटच्या बाकावरच्याला पहिल्याचं काहीच नकोय; त्याला हवाय कुंबळे, आणि कुंबळे आहे दुसऱ्या तुकडीत. हा गडी मधल्या सुट्टीत दोन वर्ग फिरायचा, तिघांचा सौदा जुळवायचा आणि प्रत्येकाच्या हातात ज्याचं त्याला हवं ते ठेवायचा. बदल्यात कुणीतरी खुशीनं एखादं कार्ड त्याला देई.

पुढे कॉलेजात अर्थशास्त्र वाचताना कळलं की याच अडचणीवर मोठमोठ्यांनी विचार केला आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८७५ साली पैशावरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की वस्तूला वस्तू देण्यातली मुख्य अडचण हीच: माझी गरज आणि तुझी गरज एकाच वेळी, एकाच ठिकाणी जुळावी लागते. ती जुळत नाही, म्हणून माणसाला पैसा सोयीचा वाटतो. पैसा हातात आला की समोरच्याला काय हवं आहे, हे विचारायची गरजच उरत नाही. आमच्या पाड्यावरच्या मित्राला मात्र ते विचारावं लागे, लक्षात ठेवावं लागे. मला त्याचं हे लक्ष ठेवणं फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याकडे काय आहे हे बघायला कुणी शिकवावं लागत नाही, नजर तिकडे आपोआप जाते. दुसऱ्याकडे काय नाही हे ओळखायला मात्र त्याच्याजवळ बसावं लागतं, त्याचं बोलणं ऐकावं लागतं.

हे अदलाबदलीचं वेड आमच्याच पिढीचं नव्हे. कल्याणच्या पुढे अंबरनाथला विमकोचा, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, आगपेट्यांचा कारखाना होता. त्या भागातले आमचे एक काका लहानपणी काडेपेट्यांचे छाप जमवायचे. विमकोचे छाप तिथं घरोघरी. त्यांची किंमत काय असणार? लांबून, शिवकाशीकडून आलेला एखादा रंगीत छाप ट्रकवाल्यानं टाकलेल्या पेटीवर सापडला, तर त्याच्यासाठी विमकोचे मूठभर छाप मोजायची तयारी असे. रिंगणात छाप मांडून लांबून चपट्या दगडानं उडवायचे. रिंगणाबाहेर जातील ते आपले. काकांना मी एकदा विचारलं, तुमच्याकडे कुठले कुठले होते? त्यांनी छापांची नावं थोडीच सांगितली. कुठला छाप कुणी दिला, त्या मुलाला कशाची आस होती, तो पुढे कुठं गेला, हे मात्र बराच वेळ सांगत राहिले.

आता पोकेमॉनची कार्डं आहेत. जपानमध्ये १९९६ साली ती पहिल्यांदा विकायला आली आणि तिथून जगभर गेली. मुलांची ओढ तीच आहे, डोळ्यांतली चमकही तीच. फरक पडला तो भावात. कार्ड हातात आलं की मुलं मोबाइलवर त्याची किंमत बघतात, आणि ती किंमत कुठल्या तरी परदेशातल्या खरेदीदारानं ठरवलेली असते. अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२चं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना लिलावात गेलं. ते इतकं महाग का? कोपरे करकरीत, रंग ताजा, हाताळल्याची खूण जवळजवळ नाही. तज्ज्ञांनी तपासून त्याला साडेनऊ गुण दिले आणि ते प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलं. आमची कार्डं त्या परीक्षेत नापासच झाली असती. सगळ्या वर्गाच्या खिशांतून फिरून त्यांचे कोपरे मऊ पडलेले असायचे.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाळकुममध्ये आज टॉवरमधली मुलं एका शाळेच्या बसमध्ये चढतात आणि पाड्यावरची मुलं दुसरीकडे चालत जातात. दोघांकडे कार्डं असतील, दोघांकडे डबलही असतील. पण एकाला काय हवंय हे दुसऱ्याला कळणार कुठं? एक बाक नाही, एक मधली सुट्टी नाही.

म्हणून शिक्षकांना आणि सोसायट्यांमधल्या वडीलधाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं. बऱ्याच शाळांत कार्डं दिसली की जप्त होतात आणि बाईंच्या टेबलाच्या खणात जातात. तास चालू असताना ते योग्यच आहे. पण मधल्या सुट्टीत चालू द्या. भांडणं होतील, कुणी कट्टी घेईल, कुणी घरी जाऊन रडेल. संध्याकाळपर्यंत बट्टीही होते. आणि सुट्टीच्या दिवशी पाड्यावरची मुलं कार्डं घेऊन सोसायटीच्या फाटकाशी आली, तर वॉचमनला सांगून ठेवा, त्यांना आत सोड म्हणावं.