विणकाम, परंपरा आणि आठवी आज्ञा

दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा, एवढ्या साधनांवर विणकामाची कला उभी आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंतवावे लागतात. सुयांवर मात्र एकच धागा स्वतःच्याच फासांतून पुढे सरकत राहतो. सुलट आणि उलट या दोन टाक्यांच्या बळावर देशोदेशींच्या स्त्री-पुरुषांनी शेकडो विणी घडविल्या. आज त्या विणी शिकविणारी पुस्तके आणि वर्ग सर्वत्र आढळतात. आमच्या वाचक भगिनींपैकीही काहींनी आयर्लंडची वीण नातवाच्या स्वेटरवर उतरविली असेल. दुसऱ्यांची परंपरा आपण शिकतो, शिकवितो आणि कधी विकतो, तेव्हा आपल्यावर कोणते ऋण येते, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ मांडीत आहोत.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविताना एखादे काल्पनिक प्रकरण विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची जुनी प्रथा आहे. आपणही तसेच करू. महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. गडावर जाणारा रज्जुमार्ग तेथूनच निघतो, त्यामुळे प्रवाशांची ये-जा असते. समजा, तेथील एका भगिनीने पुस्तकावरून आयर्लंडची वीण आत्मसात केली, शेजारणींना शिकविली आणि त्या सर्वजणी टोपडी विणून विकू लागल्या. एके दिवशी एक व्यापारी येऊन म्हणाला, "प्रत्येक टोपड्याला एक चिठ्ठी लावा. 'हिरकणीच्या काळापासून चालत आलेली वीण' एवढेच तिच्यावर छापा. मी दुप्पट भाव देतो." घरात पावसाळ्यातल्या भाताखेरीज दुसरे उत्पन्न नाही, मुलांच्या शाळेचा खर्च आहे. प्रवासी आनंदाने पैसे मोजील, हिरकणीचे नाव चार ठिकाणी पोहोचेल. मग या चिठ्ठीने कोणाचे नुकसान होते?

प्रथम एक गैरसमज दूर करू. वीण परक्या देशातून आली, यात दोष कोणताच नाही. विणकाम हा मुळातच उसनवारीचा वारसा आहे. त्याचे फार जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. पुढे ते स्पेनमध्ये दिसते आणि स्पॅनिश लोकांबरोबर दक्षिण अमेरिकेत जाते. पेरू देशातील टिटिकाका सरोवरात ताकीले नावाचे बेट आहे. तेथे पुरुष विणतात. मुलगे लहानपणीच सुया हाती घेतात. त्या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मानवतेचा वारसा म्हणून गौरविले. बाहेरून आलेली विद्या तेथील लोकांनी इतकी आपली केली की तीच त्यांची ओळख ठरली. आपल्याकडेही दोन सुयांचे विणकाम घरोघरी पोहोचविण्यात मिशनच्या शाळांचा वाटा मोठा आहे. तेव्हा हिरकणीवाडीच्या भगिनींनी आयर्लंडची वीण शिकावी आणि शिकवावी, यात गैर काही नाही.

प्रश्न चिठ्ठीचा आहे. आणि असली चिठ्ठी खुद्द आयर्लंडमध्ये पूर्वीच लागून गेली आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अ‍ॅरन नावाची खडकाळ बेटे आहेत. तेथील पांढऱ्या लोकरीचे, वेणीसारखे पीळ असलेले स्वेटर जगप्रसिद्ध आहेत. प्रत्येक कुळाची स्वतंत्र वीण असे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचा देह त्या विणीवरून ओळखला जाई, अशी कथा त्यांच्याबरोबर सांगितली जाते. अभ्यासकांना या कथेला आधार सापडलेला नाही. तिचे मूळ बहुधा जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या, १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात असावे. त्यात एक बहीण बुडालेल्या भावाची ओळख त्याच्या पायमोज्यावरून पटविते. परंतु ती कुळाच्या विणीवरून नव्हे. मोजा तिने स्वतः विणलेला असतो आणि विणताना आपल्या हातून चार टाके सुटले होते, हे तिला आठवते. पुढे विसाव्या शतकात हाइन्झ एडगर कीव्ह या व्यापारी-लेखकाने या विणींना प्राचीन धार्मिक अर्थ चिकटविले, आणि विक्रीला ते सोयीचे ठरले.

खरी हकीकत निराळी आहे. आज दिसतो तसा अ‍ॅरन स्वेटर विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे. पश्चिम आयर्लंडच्या दारिद्र्यपीडित भागासाठी १८९१ साली सरकारने एक मंडळ स्थापले होते. मासेमारी आणि घरगुती उद्योग यांना त्याने उत्तेजन दिले. त्या काळात बेटावरील स्त्रियांनी बाहेरून आलेल्या कोळ्यांचे स्वेटर पाहिले, त्यात स्वतःची भर घातली आणि पाहता पाहता एक कला उभी केली.

वाचकहो, नुकसान कोणाचे झाले, ते येथे कळते. प्राचीन कुळांची कथा सांगताच या जित्याजागत्या स्त्रियांची बुद्धी झाकली गेली. जे त्यांनी आपल्या हयातीत, गरिबीत, दिव्याच्या उजेडात घडविले, त्याचे श्रेय अज्ञात पूर्वजांना गेले. खोटे प्राचीनत्व जिवंत कारागिराकडून त्याचे कर्तृत्व काढून घेते. म्हणून आमच्या मते ती चिठ्ठी केवळ खोटी साक्ष न देण्याच्या आठव्या आज्ञेचा भंग नाही. चोरी न करण्याच्या सातव्या आज्ञेलाही ती बाध आणते. हिरकणीवाडीची भगिनी जर 'ही वीण तीनशे वर्षांची आहे' असे म्हणाली, तर 'ही मी शिकले, मी बसविली, मी शिकविली' असे म्हणण्याचा हक्क ती स्वतःच गमावून बसते.

यावर कोणी म्हणेल, मग हिरकणीची कथा तरी कोठे कागदोपत्री सिद्ध आहे? बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेली ती गवळण आख्यायिकेतूनच आपल्याला भेटते. परंतु आख्यायिका आख्यायिका म्हणून सांगितली, तर कोणी फसत नाही. आईच्या धैर्याचे सत्य ती वाहून नेते. जर्मनीतील बुक्स्टेहुड येथील सुमारे १४०० सालच्या वेदिचित्रात पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणताना दाखविली आहे. नाझरेथमध्ये त्या काळी असे विणकाम नव्हते. चित्रकाराने आपल्या गावातील आयांचे काम भक्तिभावाने मरियेच्या हाती दिले. त्याच्या बळावर अंगरखा विकला नाही. टोपड्याला हिरकणीचे नाव प्रेमाने द्यावे. त्याचे वय मात्र खोटे सांगू नये.

दुसरी बाजूही पाहू. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर काउइचन नावाचे आदिवासी राहतात. युरोपीय वसाहतकार आणि मिशनरी यांच्याकडून त्यांनी सुयांचे विणकाम घेतले; १८६४ साली तेथे आलेल्या सेंट अ‍ॅन संघाच्या धर्मभगिनींचा त्यात भाग होता. कॅनडातील मिशनच्या निवासी शाळांनी आदिवासी मुलांची भाषा आणि घर हिरावून घेतले, हेही विसरता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली त्याबद्दल तेथे जाऊन क्षमा मागितली. काउइचन स्त्रियांनी आपल्या जाड लोकरीतून या विद्येला आपले रूप दिले. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी त्यांच्यासारखेच दिसणारे, पण त्यांनी न विणलेले स्वेटर बाजारात आले, तेव्हा त्यांनी आवाज उठविला. अखेर त्यांचे अस्सल स्वेटरही तेथे विक्रीस ठेवण्यात आले. आपल्या कोल्हापुरी चपलेचेही तसेच झाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील प्रदर्शनात ती तिच्या नावावाचून मिरविली गेली आणि निषेधानंतरच तिचे मूळ मान्य झाले.

मग प्रत्येक विणीभोवती कुंपण घालावे काय? महाडकरांना याचे उत्तर ठाऊक असावे. 'हे आमचेच' असे म्हणून सबळांनी चवदार तळ्याचे पाणी अडविले होते आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते सर्वांसाठी खुले आहे, हे कृतीने दाखवावे लागले. दुर्बळाने आपली भाकर राखणे आणि सबळाने दुसऱ्याची तहान अडविणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. विद्या ही ठेव आहे. ती मुक्तपणे द्यावी. घेणाऱ्याने कोठून घेतली ते सांगावे. आणि जिच्या जिवावर ती जगते, तिच्या ताटातला घास काढू नये.

राहिला भावाचा प्रश्न. शंभर टाक्यांच्या साठ ओळी म्हणजे एका टोपड्यामागे सहा हजार टाके. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले, की काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढा मोबदला देणे हा न्याय आहे. दुप्पट भाव देण्याची व्यापाऱ्याची ऐपत असेल, तर तो त्याने त्या सहा हजार टाक्यांसाठी द्यावा. चिठ्ठीवर एवढेच असावे: वीण आयर्लंडची, हात हिरकणीवाडीचे. आणि आपण ग्राहकांनी तेवढ्यावर समाधान मानून पूर्ण दाम मोजावा. कारण प्राचीनतेचा आपला हव्यासच गरिबाला खोटे बोलायला लावतो.

संत योहान सांगतो, की प्रभूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून अखंड विणलेला होता. शिपायांनी तो फाडला नाही; चिठ्ठ्या टाकून त्याचा मालक ठरविला. त्या वस्त्राची किंमत त्यांना कळत होती. ते कोणी विणले, असे त्यांच्यापैकी कोणी विचारल्याचे शुभवर्तमानात आढळत नाही. पुढच्या वेळी हाताने विणलेली वस्तू विकत घेताना हा प्रश्न आपण अवश्य विचारावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.